पाण्याची बाटली, कागदावरची सही आणि एक मृत्यू: जीवघेण्या स्पर्धांची जबाबदारी कुणाची?

नव्या हॉटेलचं उद्घाटन असो, मॉलमधला सणाचा सेल असो की रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम, लोकांना खेचून आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्पर्धा. जो जास्त खाईल, जास्त पिईल किंवा जास्त वेळ टिकेल, त्याला बक्षीस. हल्ली त्यात रीलची भर पडली आहे. अशा स्पर्धेत कुणी दगावलं की दोन दिवस ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, आयोजकांना आत टाका. दुसरी म्हणते, कुणी बळजबरी केली होती का? स्वतःच्या पायांनी गेला होता ना?

हा वाद सोडवायचा तर एखादं प्रकरण जवळून पाहावं लागतं. इथे घेतलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. शरीरात नेमकं काय बिघडतं, इशारा मिळूनही लोक का थांबत नाहीत, सही केलेल्या कागदाची किंमत किती आणि शेवटी पैसे कोण भरतं, हे सगळं त्यात उघड्यावर आलं.

सॅक्रामेंटो, १२ जानेवारी २००७

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात ‘केडीएनडी १०७.९’ नावाची एफएम वाहिनी होती. तिच्या सकाळच्या कार्यक्रमात एक स्पर्धा ठेवली गेली. बक्षीस होतं निन्टेंडो कंपनीचं ‘वी’ हे खेळांचं यंत्र. ते तेव्हा बाजारात नवं होतं आणि किंमत साधारण अडीचशे डॉलर. इंग्रजीत लहान मुलं लघवीलाही ‘वी’ म्हणतात, त्यावर कोटी करून नियम ठरला: पाणी पीत राहायचं आणि लघवीला जायचं नाही. शेवटी जो उरेल, यंत्र त्याचं.

सुरुवातीच्या बाटल्या छोट्या होत्या, सुमारे २४० मिलिलिटरच्या, म्हणजे आपल्या घरातला एक मोठा पेला. दर पंधरा मिनिटांनी एक बाटली. हे ऐकायला काहीच वाटत नाही, आणि अशा स्पर्धांमधला सापळा हाच असतो. पुढे स्पर्धक हटेनात म्हणून मोठ्या बाटल्या आणल्या गेल्या. स्पर्धकांमध्ये २८ वर्षांची एक तरुणी होती, तीन मुलांची आई. तिला ते यंत्र मुलांसाठी हवं होतं. ती दुसरी आली आणि तिला गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं मिळाली. सुमारे तीन तासांत तिच्या पोटात अंदाजे साडेसात लिटर पाणी गेलं होतं. डोकं दुखतंय, असं ती कार्यक्रम चालू असतानाच म्हणाली होती. घरी जाताना तिने कामाच्या ठिकाणी फोन करून सांगितलं की डोकं असह्य दुखतंय, मी येऊ शकत नाही. त्याच दिवशी दुपारी ती घरात मृतावस्थेत सापडली.

पाण्याने माणूस मरतो कसा?

आपल्या रक्तात मीठ असतं, नेमकं सांगायचं तर सोडियम. त्याचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं: लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. मिलिमोल हे रसायनशास्त्रातलं मोजमाप. त्याचा अर्थ लक्षात राहिला नाही तरी चालेल, आकडे लक्षात ठेवा. हे प्रमाण १३५ च्या खाली गेलं की त्याला डॉक्टर ‘हायपोनेट्रेमिया’ म्हणतात. आमटी तयार झाल्यावर पाहुणे वाढले म्हणून तिच्यात दोन तांबे पाणी ओतलं, तर मीठ तेवढंच राहतं पण आमटी अळणी होते. रक्ताचं तसंच होतं.

आमटी अळणी झाली तर जेवणाची चव जाते, एवढंच. रक्त अळणी झालं तर पेशी फुगतात. कारण पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे झिरपतं. रक्त पातळ झालं, पेशींच्या आतला भाग तुलनेने खारट राहिला, की पाणी पेशींत शिरायला लागतं. हात, पाय, पोट यांच्या पेशी थोड्या फुगल्या तर त्यांना पसरायला जागा असते. मेंदूला ती नसते. कोरडे हरभरे बरणीत गच्च भरले, वर पाणी ओतलं आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवलं, तर सकाळी काय होईल ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही कळेल. कवटी ही तशी बरणी आहे. आतला दाब वाढतो, मग डोकं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, बोलणं असंबद्ध होतं, झटके येतात. शेवटी मेंदूचा श्वास चालवणारा भाग दाबला जातो.

आता हिशोब करू. ६० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात साधारण ३० लिटर पाणी असतं. तिने तीन तासांत साडेसात लिटर आणखी घेतलं. निरोगी मूत्रपिंडं जोर लावून तासाला ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर काढू शकतात. तीन तासांचे अडीच लिटर धरू. उरले पाच. ३० लिटरमध्ये १४० च्या प्रमाणात असलेलं सोडियम आता ३५ लिटरमध्ये पसरलं, म्हणजे प्रमाण १२० वर आलं. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येकाच्या शरीरात थोडा इकडेतिकडे होईल. पण काही तासांत १२० च्या आसपास येणं म्हणजे झटके आणि बेशुद्धीच्या उंबरठ्यावर येणं.

प्रत्यक्षात हिशोब याहून वाईट होतो. आपला मेंदू एक संप्रेरक सोडतो, ते मूत्रपिंडांना सांगतं की पाणी धरून ठेवा. मळमळ, वेदना आणि मानसिक ताण असला की हे संप्रेरक वाढतं. स्पर्धेत तिन्ही गोष्टी एकदमच असतात. म्हणजे निचरा सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हाच मोरी तुंबते.

वेगही महत्त्वाचा. सोडियम आठवडाभरात हळूहळू उतरलं तर मेंदूच्या पेशी आतले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतात. तीन तासांत तेवढी सवड मिळत नाही. म्हणूनच दिवसभरात तहानेप्रमाणे दोन-तीन लिटर पाणी पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. लघवी रोखल्यामुळे विष चढलं, असं बरेच जण समजतात. मूत्राशयात उतरलेलं पाणी रक्तातून आधीच बाहेर पडलेलं असतं, ते परत रक्तात शिरून मेंदूला सुजवत नाही. जीव घेतला तो पाण्याच्या प्रमाणाने आणि वेगाने. लघवीचा नियम फक्त हसवण्यासाठी होता. त्याने सगळ्यांचं लक्ष ओटीपोटाकडे लावून ठेवलं आणि धोका डोक्यात वाढत होता.

“पाणीच तर होतं, हे कुणाला माहीत असणार?”

आयोजकांच्या बाजूने पहिला मुद्दा हाच येतो. विष दिलं नव्हतं, दारू पाजली नव्हती, साधं पाणी होतं. रेडिओवरच्या निवेदकांनी वैद्यकशास्त्र थोडंच शिकलेलं असतं?

पण स्पर्धा चालू असताना एका बाईंचा फोन आला. आपण परिचारिका आहोत, असं सांगून त्या म्हणाल्या, इतकं पाणी प्यायल्याने जीव जाऊ शकतो. निवेदकांचं उत्तर होतं की आम्हाला ते माहीत आहे. स्पर्धकांनी सह्या केल्यात, त्यामुळे आमच्यावर काही येणार नाही, असाही सूर निघाला. त्याआधी कार्यक्रमातच चिको इथल्या एका विद्यार्थ्याचा उल्लेख झाला होता. चिको हे कॅलिफोर्नियातलंच गाव. तिथे २००५ मध्ये रॅगिंगच्या प्रकारात पाणी पाजल्यामुळे एक महाविद्यालयीन मुलगा मेला होता आणि ती बातमी त्या भागात सर्वांना ठाऊक होती.

म्हणजे इशारा आला, तोही जाणकाराकडून. उदाहरण माहीत होतं, तेही शेजारच्या गावातलं. माईक बंद करून “थांबा, बाटल्या खाली ठेवा” म्हणायला दहा सेकंद पुरली असती. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. तिथे अज्ञान नव्हतं. धोका कळलेला होता आणि तरी खेळ चालू राहिला.

कायद्यात यासाठी एक कल्पना आहे: काळजी घेण्याचं कर्तव्य. आपल्या कृतीमुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते हे शहाण्या माणसाला आधी दिसण्यासारखं असेल, तर ती टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नेमका अपघात कसा होईल हे आधी ठाऊक असण्याची गरज नाही. धोका ‘दिसण्यासारखा’ होता का, एवढंच पाहिलं जातं. विहीर खणणाऱ्याला कोण पडेल ते माहीत नसतं. तरी कठडा बांधायचा असतो.

त्याच राज्यातला जुना निकाल

गंमत म्हणून ठेवलेल्या स्पर्धेची जबाबदारी कुठवर पोचते, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगून ठेवलं होतं. लॉस एंजेलिसच्या ‘केएचजे’ या रेडिओ वाहिनीने १९७० च्या उन्हाळ्यात स्पर्धा ठेवली. त्यांचा निवेदक गाडीतून शहरभर फिरायचा, तो कुठे निघालाय याचे धागेदोरे रेडिओवर मिळायचे आणि त्याच्यापाशी जो पहिला पोचेल त्याला रोख बक्षीस. ऐकणारे बहुतेक किशोरवयीन. दोन मुलं आपापल्या गाड्या घेऊन त्याच्यामागे लागली, महामार्गावर ताशी ८० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरच्या वेगाने. त्या झटापटीत तिसऱ्याच एका माणसाची गाडी रस्त्याबाहेर ढकलली गेली आणि तो मेला. स्पर्धेशी त्याचा काही संबंध नव्हता.

वाहिनीचं म्हणणं होतं की गाडी आम्ही चालवत नव्हतो. न्यायालयाने ते मानलं नाही. तरुण मुलांना पहिल्यांदा पोचण्यासाठी बक्षीस लावलं, तर ती गाड्या पळवणार हे दिसत होतं. खुद्द वाहिनीवरूनच ‘मुलांना रस्त्यावरून घरात घ्या’ अशा अर्थाची मस्करी झाली होती. मुलांचा निष्काळजीपणा खरा, पण त्या निष्काळजीपणाला हाक देणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही, असा तो निकाल. सॅक्रामेंटोच्या वाहिनीला हा निकाल सहज उपलब्ध होता.

“पण सही केली होती ना?”

दुसरी हरकत सगळ्यात जड वाटते, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

सही म्हणजे काय? ऑपरेशनच्या आधी आपण कागदावर सही करतो. ती ग्राह्य धरली जाते कारण डॉक्टरने आधी सांगितलेलं असतं की काय करणार, कशाने बिघडू शकतं, दुसरा उपाय कोणता. सही त्या माहितीखाली असते. माहितीच दिली नाही, तर कागदावर उरते ती फक्त शाई. ‘स्पर्धेत होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस मी स्वतः जबाबदार राहीन’ या एका ओळीतून कुणाला कळणार की तीन तासांत साडेसात लिटर पाण्याने मेंदू सुजतो? आणि हे सांगितलं असतं तर मुलांच्या खेळण्यासाठी कुणी सही केली असती का?

दुसरं म्हणजे, सही स्पर्धेच्या आधी होते. डोकं दुखायला लागल्यावर स्पर्धकाची अवस्था बदललेली असते. सोडियम उतरल्यावर सगळ्यात आधी जाते ती विचारशक्ती. ‘मला थांबायचं असेल तर मी थांबेन’ हे वाक्य ज्या मेंदूच्या भरवशावर आहे, तोच मेंदू धोक्यात असतो. म्हणून थांबवण्याचा अधिकार स्पर्धकाकडे असून पुरत नाही. तो शुद्धीवर असलेल्या, बक्षिसाशी देणंघेणं नसलेल्या माणसाकडे असावा लागतो.

आपल्याकडचा कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २५ (पूर्वीच्या दंड संहितेत ८७) सांगतं की अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने केलेल्या कृतीत त्याला इजा झाली तर गुन्हा होत नाही. त्यासाठी कायद्यातच उदाहरण दिलं आहे, मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. पण त्याला अट आहे: त्या कृतीने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला माहीत नसावं आणि तसा त्याचा हेतूही नसावा. माहीत असेल, तर संमतीची ढाल गळून पडते. ‘आम्हाला ते माहीत आहे’ हे वाक्य भारतात कुणी माईकवर बोललं तर त्याचा वकील डोक्याला हात लावून बसेल. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कलम ३०४-अ मध्ये ती दोन वर्षं होती. शिवाय १८५५ च्या फेटल अ‍ॅक्सिडेंट्स कायद्याखाली मृताच्या कुटुंबाला भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. हा कायदा इतका जुना आहे की त्याचं अस्तित्वच लोकांना ठाऊक नसतं.

मग पैसे कुणी भरले?

सॅक्रामेंटोत चार दिवसांत कार्यक्रम बंद झाला आणि दहा कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं गेलं. सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरायचा नाही असं ठरवलं. हे ऐकून चीड येते, पण फौजदारी गुन्हा सिद्ध करायची पायरी फार उंच असते, तिथे शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. दिवाणी दाव्यात कुणाचं पारडं जड, एवढंच पाहतात.

दिवाणी दावा कुटुंबाने लावला. ऑक्टोबर २००९ मध्ये ज्युरीने पती आणि तीन मुलांना १ कोटी ६५ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. दोष वाहिनी चालवणाऱ्या स्थानिक कंपनीचा ठरला. तिच्या वरची मूळ कंपनी जबाबदार नाही, असंही ज्युरीने ठरवलं. आणि ‘तिचाही थोडा दोष होताच की’ हा मुद्दा तपासून ज्युरीने तिच्याकडे काहीही दोष दिला नाही. ‘स्वतःच्या पायांनी गेली होती’ या वाक्याला त्या खोलीत शून्य किंमत मिळाली.

निवेदकांनी खिशातून पैसे का भरले नाहीत? नोकरीचं काम करताना नोकराने केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व तिकडेही आहे आणि आपल्याकडेही. ते योग्यही आहे, कारण स्पर्धेतून वाढलेला श्रोतावर्ग आणि जाहिरातींचा पैसा मालकाकडे जातो. माईकवरच्या माणसाला काढून टाकणं सोपं असतं. ही कल्पना मंजूर कुणी केली, कायदेविषयक सल्लागाराला विचारलं का, तिथे डॉक्टर का नव्हता, हे प्रश्न वरच्या मजल्यावर विचारायचे असतात.

प्रकरण तिथेही थांबलं नाही. अमेरिकेत रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते आणि केंद्रीय संचार आयोग त्यांचे परवाने देतो. या वाहिनीचा परवाना नूतनीकरणाला आला तेव्हा, २०१६ मध्ये, आयोगाने ही स्पर्धा समोर ठेवून सुनावणी लावली. वाहिनीने परवाना परत केला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ती कायमची बंद पडली, घटनेनंतर दहा वर्षांनी.

“असं असेल तर मग बॉक्सिंग आणि मॅरेथॉनही बंद करा”

तिसरी हरकत. ती रास्त आहे, कारण धोका शून्य असलेला खेळ नसतो. पाण्याचा अतिरेक मॅरेथॉनमध्येही होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. पण मॅरेथॉनच्या संयोजकांनी त्यातून शिकून पाण्याविषयीचा सल्ला बदलला, तहानेप्रमाणे प्या असं सांगायला लागले. बॉक्सिंगमध्ये फेऱ्या मोजलेल्या असतात, पंच लढत थांबवू शकतो, डॉक्टर रिंगणाशेजारी असतो.

खरा फरक स्पर्धेच्या रचनेत आहे. ‘दहा किलोमीटर पळा’ या स्पर्धेला शेवट आहे. ‘जो शेवटपर्यंत टिकेल तो’ या स्पर्धेला वरची मर्यादा नसते. ती कधी संपणार हे कुणाचं तरी शरीर कोलमडल्यावर ठरतं. दोन हट्टी स्पर्धक उरले की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून घातक होते, आणि पाहणाऱ्यांचा आवाजही तेव्हाच चढतो.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये २००१ साली एका रेडिओ वाहिनीने लोकांना कोरड्या बर्फावर बसवलं. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस. आपल्या फ्रीजरमधला बर्फ उणे १८ च्या आसपास असतो. पातळ कपड्यातून तो कातडी आणि खालचं मांस गोठवतो, आणि आधी बधिरपणा येत असल्याने बसणाऱ्याला वाटतं, जमतंय की. काही जणांना गंभीर हिमदंश होऊन रुग्णालयात राहावं लागलं. वाहिनीच्या कंपनीला १५ हजार पौंड दंड झाला.

खाण्याच्या स्पर्धांत यंत्रणा वेगळी, रचना तीच. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळात पालक्काडजवळ ओणमनिमित्त इडली खाण्याची स्पर्धा झाली. चटणी-सांबाराशिवाय इडल्या गिळायच्या होत्या. त्या घशात अडकून ४९ वर्षांचा एक माणूस गेला. कोरडी इडली लाळ शोषून चिकट गोळा होते. घाईत श्वास घेता घेता गिळलं की तो गोळा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेच्या तोंडावर बसतो. चार-पाच मिनिटं प्राणवायू तुटला की मेंदूचं नुकसान सुरू होतं, आणि रुग्णवाहिका चार मिनिटांत पोचत नाही. तिथे हजर असलेल्या कुणाला तरी मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत-वर झटके द्यायचं तंत्र येत असावं लागतं. आपल्याकडे वडगाव मावळला २०२१ मध्ये एका हॉटेलाने साधारण चार किलोची मांसाहारी थाळी एका तासात एकट्याने संपवणाऱ्याला बुलेट मोटरसायकल देऊ केली होती आणि ती बातमी देशभर गाजली. त्या स्पर्धेला निदान वजनाची आणि वेळेची मर्यादा तरी होती. तिच्या नकला करणाऱ्यांनी निदान तेवढं तरी उचलावं.

दहीहंडी: आपल्या दारातला प्रश्न

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना दहीहंडी टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. दहीहंडी ही प्रथा जुनी, पण लाखांची बक्षिसं, व्यासपीठावर नेत्यांचे फलक आणि वाहिन्यांचे कॅमेरे आले तेव्हा ती प्रसिद्धीची स्पर्धा झाली. थर वाढले. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा मनोरा रचला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कौशल्य वादातीत आहे. पण उंचीचा हिशोबही पाहावा: २० फुटांवरून पडणारं शरीर जमिनीला ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने आदळतं, ४० फुटांवरून सुमारे ५५ ने. आणि खाली उभ्या असलेल्यांवर ते आदळतं, हेही विसरायचं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वयाची मर्यादा अठरा आणि उंचीची २० फूट ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी सवलत दिली, २०१६ मध्ये मात्र त्याच मर्यादा कायम ठेवल्या. २०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं. चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी करणार नाही, अशी हमी सरकारने दिली आणि उंचीवर बंधन घालायला न्यायालयाने नकार दिला. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला खेळाचा दर्जा दिला आणि मृत किंवा जखमी गोविंदांसाठी भरपाई जाहीर केली, मृत्यूला १० लाख.

भरपाई सरकारने देणं चांगलंच आहे. पण ज्याने हंडीची उंची ठरवली, बक्षीस लावलं आणि फलकावर स्वतःचा फोटो छापला, त्याच्याकडून किती आलं, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. मान्यताप्राप्त खेळात सरावाची सक्ती, विमा, गाद्या, वरच्या गोविंदासाठी दोर आणि हेल्मेट ही संयोजकाची जबाबदारी असते. खेळ म्हणायचं तर हेही आलं.

स्पर्धा ठेवणाऱ्याने आधी काय ठरवावं

सगळ्यात आधी वरची मर्यादा: किती, किती वेळात आणि त्यापुढे कोणालाही नाही. मर्यादा ठरवताना मूत्रपिंडांची तासाची क्षमता किंवा घशाची रुंदी माहीत असलेला डॉक्टर बसवावा. जाहिरात विभागाला ती कळत नाही. तोच डॉक्टर स्पर्धेच्या जागी हजर हवा आणि त्याच्या हातात एकतर्फी थांबवण्याचा अधिकार हवा. मालकाने, निवेदकाने किंवा प्रायोजकाने तो अधिकार उलटवता कामा नये, आणि हे लेखी असावं. बाहेरून कुणी धोक्याची सूचना दिली तर आधी स्पर्धा थांबवायची, मग ती सूचना खरी की खोटी ते पाहायचं.

अर्जावर धोका साध्या मराठीत, ठळक लिहावा: काय होऊ शकतं, कोणती लक्षणं दिसली की लगेच थांबायचं, कोणता आजार असेल तर भागच घ्यायचा नाही. अर्ज वाचून निम्मे लोक परत गेले, तर त्या स्पर्धेबद्दल हवं ते कळलं. अठरा वर्षांखालील कुणी नको. विम्याची पॉलिसी आधी दाखवायची. प्रायोजकानेही करारात हे सगळं मागावं, कारण दावा लागतो तेव्हा फलकावरचं प्रत्येक नाव नोटिशीत येतं.

स्पर्धा संपली की स्पर्धकांना ‘शाबास’ म्हणून घरी पाठवू नये. पाण्याच्या बाबतीत पोटात उरलेलं पाणी पुढेही तासभर रक्तात मिसळत राहतं, त्यामुळे अवस्था बिघडते ती अनेकदा घरी पोचल्यावर.

आणि घरच्यांसाठी. अशा स्पर्धेतून किंवा कुणाशी पैज लावून आलेला माणूस डोकं फुटतंय म्हणाला, उलट्या करायला लागला, विसंगत बोलायला लागला किंवा नुसता झोपतो म्हणाला, तर त्याला झोपू देऊ नका आणि तोंडाने आणखी काही पाजू नका, लिंबू-सरबतही नको. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन लावा. रुग्णालयात अशा रुग्णाला तीन टक्के मिठाचं द्रावण शिरेतून, मोजून देतात, आणि सूज वाढायच्या आत ते दिलं तर रुग्ण वाचू शकतो. साधं सलाईन लावून ‘अशक्तपणा आहे’ म्हणत वेळ जाऊ नये म्हणून डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा: किती लिटर पाणी, किती तासांत, आणि शेवटची बाटली किती वाजता.